टोनोबा

टोनोबाला गिटार वाजवता येते की नाही, हे छातीठोक सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्याला गिटार सुरात लावताना पाहिलेले पुष्कळ आहेत. पिवळ्या फडक्यानं ती पुसताना, नव्या तारा चढवताना, पाठीमागचं झाकण उघडून आत टॉर्च मारताना पाहिलेलेही आहेत. पण एखादं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवताना? त्याला साक्षीदार नाही. टोनोबा एक सूर छेडतो, डोळे बारीक करतो, मान किंचित तिरकी करतो आणि मग ओणवा होऊन पायाशी ठेवलेल्या हिरव्या डबीवरचा एक नॉब केसभर फिरवतो. पुन्हा तोच सूर. पुन्हा केसभर. एवढ्यात आतून जेवायची हाक येते.

ही डबी म्हणजे ओव्हरड्राइव्ह पेडल. गिटार आणि अ‍ॅम्प यांच्या मधे ती लावायची आणि पायानं चालू-बंद करायची. गिटारचा स्वच्छ, सोज्वळ सूर एका बाजूनं आत जातो आणि दुसऱ्या बाजूनं जरा तापून, जरा खरखरीत होऊन बाहेर येतो. डबीवर तीन नॉब असतात: ड्राइव्ह, टोन आणि लेव्हल. म्हणजे सूर किती तापवायचा, किती धारदार ठेवायचा आणि किती मोठ्यानं सोडायचा. बस, एवढंच. एवढ्यावर टोनोबानं उमेदीची वर्षं काढली.

टोनोबा चाळिशीच्या थोडा अलीकडे नाहीतर थोडा पलीकडे असतो. डोंबिवलीत असतो, ठाण्यात असतो, कोथरूडला तर एका सोसायटीत दोन-दोन असतात आणि ते एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. नोकरी आयटीत, नसली तर बँकेत. डॉक्टर लोकांत टोनोबा क्वचित आढळतो, कारण डॉक्टरला भारीतलं पेडल पहिल्याच फटक्यात परवडतं आणि पुढची सगळी वाट बंद होते. टोनोबा घडायला गृहकर्ज लागतं, मुलीची शाळेची फी लागते आणि 'हे नको, ते घेऊ, पण ते नंतर' असं म्हणत दुकानातून बाहेर पडण्याची सवय लागते. मला जवळून माहीत असलेला टोनोबा डोंबिवली पूर्वेचा आहे. पुढचं लिखाण मुख्यतः त्याच्याविषयी असलं, तरी इतरांनी आपण सुटलो असं समजू नये.

त्याची ही ओढ कुठून सुरू झाली ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथे होतो. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं गॅदरिंग. तो गिटारवर, मी उधार आणलेल्या कीबोर्डवर. अ‍ॅम्प मंडपवाल्याकडून भाड्यानं घेतलेला. टोनोबानं पहिला झटका मारला आणि त्या अ‍ॅम्पमधून असा काही रासवट, भरदार, चिडलेला आवाज आला की पहिल्या रांगेतल्या प्राचार्यांनी मफलर कानावर ओढला आणि मागच्या रांगा खुर्च्यांवर चढल्या. दुसऱ्या दिवशी अ‍ॅम्प परत करायला गेलो तेव्हा मंडपवाल्यानं डिपॉझिटमधून पैसे कापून घेतले. स्पीकरचा कागदी पडदा फाटलेला होता; कधीपासून, यावर वाद झाला. हे मी टोनोबाला नंतर अनेकदा ऐकवलंय. तो शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "फाटलेला असेल रे. पण टोन होता."

आणि खोटं कशाला बोलू, इतिहास त्याच्या बाजूनं आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या जगात ज्या आवाजासाठी लोक जीव टाकतात तो आवाज मोडतोडीतूनच निघालाय. 1958 मध्ये अमेरिकेत लिंक रे या गड्यानं आपल्या अ‍ॅम्पच्या स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली. 1961 च्या सुमारास नॅशव्हिलला एका ध्वनिमुद्रणात मिक्सरचं एक चॅनल बिघडलं, गिटारचा आवाज भणभणीत आला आणि त्यांनी तो तसाच ठेवला. 1964 मध्ये लंडनच्या 'किंक्स'मधल्या डेव्ह डेव्हिसनं स्पीकरचा पडदा दाढीच्या ब्लेडनं चिरला. त्याचं वय तेव्हा सतराच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात बारावीचे क्लास असतात. आता दर वेळी स्पीकर फाडणं परवडत नाही, म्हणून कंपन्यांनी बिघाड डबीत भरून विकायला काढला. 1977 मध्ये जपानच्या बॉसनं ओडी-1 आणलं, दशक संपता संपता आयबानेझनं हिरवं ट्यूब स्क्रीमर आणलं, आणि मग टेक्सासच्या स्टीव्ही रे वॉननं ते पायाखाली घेतल्यावर जगभरच्या टोनोबांचा रंग ठरला. आमच्या टोनोबानं तर वॉनसारख्या 0.013 इंची जाड ताराही चढवल्या होत्या. चार दिवसांनी त्याला ऑफिसात कीबोर्डवर टाइप करता येईना. तारा उतरवल्या. हिरवा रंग राहिला.

अर्थात त्याच्याकडचं हिरवं पेडल अस्सल नाही. ते चिनी बनावटीचं आहे, तीन हजारांच्या आत मिळालेलं. आतलं सर्किट जवळपास जसंच्या तसं उचललेलं आहे आणि त्यात काही अवघड नाही. दोन डायोड, एक छोटी चिप, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर. सुराची लाट फार उंच उसळली की डायोड तिचा माथा दाबतात, पण हळुवारपणे, कोपरे गोलसर ठेवून, आणि मग मूळ स्वच्छ सूरही त्यात थोडा मिसळतो. टोनोबा हे सगळं कागदावर आकृती काढून समजावतो. तेही पाहुण्यांना, पोह्यांच्या आधी. अस्सल ट्यूब स्क्रीमर पाच आकड्यांत जातं. दोन्हींत काय फरक, असं विचारलं की तो बराच वेळ खिडकीबाहेर बघतो.

खरी गंमत पुढे आहे आणि ती मला आवडते, म्हणून जरा तपशिलात जातो.

हे हिरव्या जातीचं पेडल खर्ज उतरवतं आणि मधला पट्टा पुढे काढतं, साधारण 720 हर्ट्झच्या आसपासचा. असं का? तर बँडमध्ये खाली बेस गिटार आणि ढोल असतात, वर झांजा असतात, आणि गिटारला घुसायला मधेच काय ती फट असते. हे पेडल गिटारला नेमकं त्या फटीत ढकलतं. शिवाय ते मुळात लावायचं ते आधीच मोठ्यानं चाललेल्या, तापलेल्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला आणखी एक धक्का द्यायला: ड्राइव्ह कमी, लेव्हल जास्त. आता हेच पेडल डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर, बेडरूमचं दार लावून, अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम एकावर ठेवून, बेस आणि ढोल यांच्याशिवाय एकट्यानं ऐकलं की सर्दी झालेल्या माणसासारखं नाकात बोलतं. बोलणारच. गर्दीत वाट काढायला जन्मलेल्या प्राण्याला रिकाम्या खोलीत उभं करून 'हा असा का वागतो' म्हणण्यात अर्थ नाही. पण टोनोबाकडे बँड नाही. बँडमधला ढोलवाला पोर कॅनडाला गेला, बेसवाल्यानं फ्लॅट विकून गावाला आंबा लावला, आणि मी कीबोर्ड परत केला. त्यामुळे टोनोबा पेडल ऐकतो ते नेहमी एकट्यानं, रविवारी सकाळी, आणि नेहमी असमाधानी राहतो. टोन जरा वाढव, फार बोचतो. कमी कर, फार घोगरा. हा दोष पेडलचा, असं तो धरून चालतो, कारण दुसरा संशयित त्याला घरात ठेवायचा नाही.

अ‍ॅम्पही आहे त्याच्याकडे, व्हॉल्व्हचा, पाच वॉटचा, जुना घेतलेला. पाच वॉट ऐकून हसू नका. व्हॉल्व्हचे पाच वॉट पूर्ण उघडले तर इमारतीतले सगळे गॅलरीत येतील. तो अ‍ॅम्प मोठ्यानं वाजवला तरच गातो, आणि सोसायटीच्या नियमात मोठ्यानं हा शब्द फक्त गणेशोत्सवापुरता आहे. म्हणून मग पेडल. आवाज न वाढवता, आवाज फार वाढलाय असा भास करून देणारं यंत्र; सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या बंडखोराची सोय यापेक्षा चांगली कुणी केली नसेल. खालच्या मजल्यावरचे काका रेल्वेतून निवृत्त झालेत. ते एकदा तक्रार घेऊन वर आले तेव्हा टोनोबा मनातून सुखावला. अखेर कुणाला तरी त्रास झाला होता. काका म्हणाले, "आवाजाचं काही नाही रे, लोकोशेडला आयुष्य गेलं माझं. पण तू ते चार सेकंदांचं वाजवून थांबतोस. पुढे काय होतं ते एकदा तरी वाजव. दुपारची झोप अर्धवट राहते."

घरच्यांनी जुळवून घेतलंय. नॉब कुठे आहे हे गिटारवाले घड्याळाच्या भाषेत सांगतात, आणि टोनोबा आपल्या ऐरोलीच्या मित्राशी फोनवर ते मोठ्यानं सांगतो: "ड्राइव्ह नवाला ठेव, टोन बाराला, लेव्हल तीनला." पहिल्या पहिल्यांदा त्याची आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन विचारायची, "नवाला कोण निघालंय? आणि तीनला येणाऱ्यांचं जेवण धरायचं का?" आता नाही विचारत. मात्र पेडल चालू केलं की जो घुंऽऽ आवाज येतो त्यावर ती अजूनही हातातलं काम टाकून फ्रिज बघते. इमारतीचं अर्थिंग यथातथाच आहे. शिवाय पेडलला लागणाऱ्या नऊ व्होल्टसाठी टोनोबानं स्टेशनजवळून स्वस्तातला अडॅप्टर आणलाय, तो स्वतंत्रपणे शीळ घालतो. एकदा तर ड्राइव्ह पूर्ण वर नेल्यावर घुंऽऽच्या मागून स्पष्ट मराठीत बातम्या ऐकू आल्या. लांब वायर आणि खूप वाढवलेला आवाज असला की असं पेडल कधी कधी मीडियम वेव्हचा रेडिओ होऊन बसतं, आणि मुंबईची अस्मिता वाहिनी तर 558 किलोहर्ट्झवर ठाण मांडून आहे. टोनोबा हादरला. आई मात्र त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या खोलीत येऊन पलंगावर बसली आणि म्हणाली, "हे बरं आहे. राहू दे असंच."

558 वरून आठवलं, चिपचं राहिलंच. ट्यूब स्क्रीमरच्या पोटात जी आठ पायांची चिप असते तिचं नाव 4558. या आकड्याचा टोनोबाजगतात जो दरारा आहे तो देवस्थानांचा असतो. जपानी जेआरसीची 4558 वेगळी, मलेशियात बनलेली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची वेगळी, जुनी वेगळी, नवी वेगळी. कुणी म्हणतं चकचकीत पाठीची गोड बोलते, कुणी म्हणतं मळकट पाठीची. टोनोबाला वाटलं, आपल्या पेडलचं सगळं बरोबर आहे, चिप तेवढी चिनी आहे. मग एका शनिवारी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. डोंबिवलीहून दादर, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोडला उतरून चालत. ज्या दुकानात शिरलो तिथे काउंटरवर चिपांच्या नळकांड्या रचून ठेवल्या होत्या.

"4558 है? जेआरसी?"

"कितना? सौ, दोसौ?"

"एक."

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. टोनोबानं घाईघाईनं विचारलं, "ओरिजिनल है ना?"

"डुप्लिकेट चाहिये तो वो भी है," दुकानदार म्हणाला. "दोनों इसी डिब्बे में है."

आणि मग त्यानं सहज म्हणून जे दाखवलं त्यानं टोनोबाचा चेहरा उतरला. शेजारच्या खोक्यात बेस-ट्रेबलच्या तयार पट्ट्यांचा ढीग पडला होता. आपल्याकडे गल्लीबोळात जे जुळवलेले अ‍ॅम्प्लिफायर बनतात, रिक्षात वाजतात, वडापावच्या गाडीवर वाजतात, हळदीच्या मंडपात वाजतात, त्यांच्यात बसणाऱ्या पट्ट्या. बहुतेक प्रत्येकीवर एक 4558. ज्या चिपच्या वंशावळीवर त्यानं रात्री जागवल्या होत्या, ती चिप कल्याण-शीळ रस्त्यावरच्या अर्ध्या टेम्पोंत बसून कोळीगीतं ऐकवत होती. एका चिपचे पैसे घ्यायला दुकानदाराला लाज वाटली असावी. त्यानं पाच दिल्या आणि वीसच्या नोटेवर मिटवलं. परतीच्या गाडीत टोनोबा बोलला नाही. मुंब्रा गेल्यावर म्हणाला, "स्वस्त मिळाली म्हणजे नक्की डुप्लिकेट."

इथे त्याच्या स्वभावाची किल्ली आहे, असं मला वाटतं. टोनोबाला कान आहेत आणि चांगले आहेत. तार अर्ध्या श्रुतीनं उतरली तरी त्याला शेजारच्या खोलीतून कळतं. पण हे कान किंमत ऐकल्याशिवाय उघडत नाहीत. आणि यात तो एकटा नाही, हा आजार जागतिक आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये बिल फिनेगन नावाच्या माणसानं 1994 मध्ये क्लॉन सेंटॉर नावाचं ओव्हरड्राइव्ह काढलं. सुमारे आठ हजार बनवली, आतलं सर्किट कुणी नकलू नये म्हणून वर काळा राळेसारखा थर ओतला, आणि काही वर्षांनी बनवणं थांबवलं. झालं! आज जुनं सेंटॉर काही लाख रुपयांना जातं. त्याची ख्याती अशी की ते 'पारदर्शक' आहे, म्हणजे लावल्यावर फारसं काही लावल्यासारखं वाटत नाही. न लावल्यासारखं वाटावं म्हणून लाखो रुपये! फिनेगनलाच हे असह्य झालं असावं, कारण पुढे काढलेल्या नव्या पेडलवर त्यानं छापूनच टाकलं की या हास्यास्पद गवगव्याला मी जबाबदार नाही. आणि 2023 मध्ये पेडल बनवणाऱ्याच धंद्यातल्या जॉश स्कॉटनं व्हिडिओ करून दाखवलं की डिजिटेकचं बॅड मंकी नावाचं जुनं, स्वस्त, कुणी विचारत नसलेलं हिरवं पेडल नॉब नीट फिरवले तर सेंटॉरच्या अगदी जवळ वाजतं. यावरून लोकांनी काय धडा घ्यावा? आता महागडं घ्यायला नको, असा? छे. काही दिवसांत बॅड मंकीच्या किमती कितीतरी पटींनी चढल्या. स्वस्तही तेवढंच चांगलं आहे असं कळल्याबरोबर जगानं ते महाग करून टाकलं, तेव्हा कुठे सगळ्यांना पटलं.

आमच्या टोनोबाची परीक्षा त्याच्या मुलीनं घेतली. ती सहावीत आहे आणि गिटारबद्दल तिला काडीचं कुतूहल नाही. ऐरोलीच्या मित्रानं आपलं अस्सल ट्यूब स्क्रीमर शनिवार-रविवारसाठी उसनं दिलं होतं. टोनोबानं दोन्ही पेडलं शेजारी मांडली, नॉब सारखे केले, आणि मुलीला म्हणाला, "तू फक्त ऐक. मी बदलत राहीन, तू सांग कुठलं भारी." ती पलंगावर मांडी घालून बसली. त्यानं वाजवलं, बदललं, वाजवलं. ती प्रत्येक वेळी बरोबर सांगत गेली: हे महाग, हे आपलं, हे महाग, हे महाग, हे आपलं. एकदाही चुकली नाही. टोनोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. एक म्हणजे लेकीचे कान तयार निघाले, आणि दुसरं म्हणजे फरक आहे हे सिद्ध झालं. त्यानं बायकोला हाक मारून बोलावलं. वहिनी सोफ्यावरच्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या, त्या तशाच आल्या. "कसं ओळखतेस गं?" त्यांनी विचारलं.

"सोप्पंय," पोरगी म्हणाली. "महागाचं असलं की बाबा डोळे मिटतो."

वहिनी हसत हसत बाहेर गेल्या आणि टोनोबानं दोन दिवस जेवताना मान वर केली नाही.

त्याचं जाहीर वादन वर्षातून एकदा, सोसायटीच्या गणेशोत्सवात. पहिल्या मजल्यावरच्या काकू पंचमदांचं एक गाणं म्हणणार होत्या, ज्याची सुरुवातच गिटारनं होते. टोनोबानं महिनाभर तयारी केली. म्हणजे पेडलबोर्ड नवा केला. लाकडी फळीवर वेल्क्रो, त्यावर पेडल, बाजूला वायरी घड्या घालून बांधलेल्या. एकाच पेडलला एवढी फळी कशाला, असं मी विचारलं. म्हणाला, "जागा ठेवलीय." कार्यक्रमाच्या दिवशी मंडपात अ‍ॅम्प वर चढवायला जागा नव्हती म्हणून साउंडवाल्या पोरानं गिटारची वायर थेट मिक्सरला लावली. इथेच घात झाला. ओव्हरड्राइव्हचा कच्चा आवाज गिटारच्या अ‍ॅम्पचा जाडाभरडा स्पीकर गाळून देतो म्हणून तो कानाला बरा लागतो. थेट मिक्सरमधून मोठ्या स्पीकरवर सोडला की न गाळलेलं सगळं कचऱ्यासकट अंगावर येतं. टोनोबानं ऐटीत पायानं बटण दाबलं आणि मंडपात करवत चालली. लहान मुलं रडली. साउंडवाला धावत आला.

"दादा, वायर गेलीय तुमची. आवाज फाटतोय."

"फाटत नाहीये, तो ओव्हरड्राइव्ह आहे."

"हो, पण फाटतोय." त्यानं वाकून पेडल मधून काढून टाकलं, वायर सरळ जोडली आणि मोठ्या मायेनं म्हणाला, "आता बघा. क्लीन."

काकूंनी सुरुवात केली. टोनोबानं सुरुवातीचा तुकडा वाजवला, खरं सांगतो, फार सुंदर वाजवला. त्या जुन्या गाण्याला हवा तसाच निर्मळ सूर होता. मग अंतऱ्याच्या आधी त्याचं लक्ष पायाशी गेलं. पेडलवरचा लाल दिवा बंद. तो वाजवता वाजवता ओणवा झाला, मग गुडघ्यावर बसला, मग एका हातानं वायर चाचपू लागला. अंतरा काकूंनी एकट्यानंच निभावला. पुढच्या रांगेतल्या आजी शेजारणीला म्हणाल्या, "मुलगा भाविक दिसतो, गाणं सोडून नमस्काराला वाकला."

यानंतर त्यानं ते पेडल विकायला काढलं. अनंत चतुर्दशी होऊन गेल्यावर, इतपत सोशिकपणा त्यानं दाखवला. बदलापूरच्या एका कॉलेजच्या पोरानं घेतलं. भेट डोंबिवली स्टेशनवर, तिकीटघराशी. टोनोबानं चिप बदलल्याची हकीकत सांगायला तोंड उघडलं, पण पोरानं एवढंच विचारलं, "चालतं ना, सर?" आणि चौदाशे रुपये पाठवून बदलापूर गाठायला पळाला. टोनोबाला ते लागलं. एवढी वर्षं सांभाळलेली वस्तू आणि घेणाऱ्यानं चिपची साधी चौकशी करू नये!

त्याच पोरानं हिवाळ्यात फोन केला. त्यांच्या कॉलेजच्या फेस्टिव्हलला बँड होता. "सर, या ना." आम्ही दोघं गेलो. मागे उभे राहिलो, कारण पुढे उभं राहण्याचं वय गेलं. ड्रमर पोरगी होती आणि दया-माया न दाखवता वाजवत होती. बेसवाला छातीत बसत होता. आणि या सगळ्या कल्लोळाच्या मधोमध गिटार अशी काही स्वच्छ कापत आली, अशी भरदार, अशी चिडलेली, की टोनोबानं माझं मनगट धरलं. त्यानं डोळे मिटले. पेडल कुठलं आणि कितीचं, हे काहीही माहीत नसताना मिटले. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

कार्यक्रम संपल्यावर तो गर्दीतून वाट काढत स्टेजमागे गेला. पोराच्या पायाशी एक डबी होती, तिच्या नावावर काळी इन्सुलेशन टेप मारलेली.

"कुठलं पेडल रे हे?"

"सर, तुमचंच."

"चिप बदललीस?"

"मी उघडलंच नाहीये अजून. ड्राइव्ह जवळजवळ बंद ठेवलाय, लेव्हल फुल, अ‍ॅम्प जोरात. बाकी काही नाही."

टोनोबा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "विकतोस?" पोरगं अवघडलं. नको म्हणावं म्हणून त्यानं तोंडाला येईल तो आकडा सांगितला, "साडेचार हजार." मला वाटलं, आता हा परत फिरेल. टोनोबानं मोबाइल काढला, पैसे पाठवले आणि पोर हबकून पडद्यावरचा आकडा वाचत असतानाच पेडल उचललं. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते चौदाशेच्या पेडलवर मी कधी पाहिलं नव्हतं.

स्टेशनवरून घरी जाताना रिक्षात तो मांडीवर पेडल घेऊन बसला होता. टिळक चौकाच्या अलीकडे गाडी अडकली तेव्हा त्यानं ते उलटं केलं, खालच्या चार स्क्रूंवरून अंगठा फिरवला आणि हळूच माझ्याकडे झुकला.

"त्या पोरानं आत काहीतरी केलंय. सांगत नाही."

"उघडलं नाही म्हणाला ना तो."

"तसंच म्हणणार." मग तो पुढे सरकला. "भाऊ, बारीक स्क्रूड्रायव्हर आहे का हो?"

रिक्षावाल्याकडे होता.